पाच नंबर, गैरहजर

शनिवार, ५ एप्रिल

आज मी घोळ घातला. साधासुधा नाही, लिहून पंचांच्या हातात दिलेला.

मोसमातला पहिला सामना होता. आमचा सॉफ्टबॉलचा संघ हौशी, बायका-पुरुष मिळून दहा जणांचा, आणि कर्णधार मी. सामना सुरू व्हायच्या आधी बॅटिंगचा क्रम कागदावर लिहून पंचांना द्यायचा असतो. इतकी वर्षं मी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिते, आपली सही करावी तसा, न बघता. पहिला मास्तर, दुसरा नळवाला, आणि असं करत पाचवी मिठू, दहावी मी. आजही तस्साच लिहिला आणि देऊन टाकला. पंचांनी चष्मा वर करून कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पहिला बॉल पडल्यावर मास्तर माझ्याजवळ आला. हा शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा हळू आणि स्पष्ट सांगतो.

"अगं, पाच नंबरला तू काय लिहिलंयस?"

मिठू फेब्रुवारीत गेली. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता डोक्यातली शीर फुटली. वाक्य अर्धंच राहिलं म्हणतात. तिचं वाक्य अर्धं राहिलेलं त्याआधी कुणीही ऐकलेलं नाही.

तिच्या जागी आज एक नवीन बाई खेळणार होती, बँकेत काम करणारी. ती कोरे बूट घालून तयार होती. पण नियम असा की पहिला बॉल पडला की कागद बदलता येत नाही. कागदावर नाव आहे आणि माणूस मैदानात नाही, तर त्याचा नंबर आला की आउट. म्हणजे बँकवाली बसली बाकावर, कॅचरच्या जागी मास्तर गेला, आम्ही नऊ जण खेळलो, आणि पाचवा नंबर आला की पंच हात वर करून म्हणायचे, "पाच नंबर, गैरहजर. आउट!"

हरलो. चांगलेच हरलो. सगळ्यांना वाटलं मी आता रडणार, नाहीतर माफी मागणार. मी दोन्ही केलं नाही. खरं म्हणजे चौथा खेळाडू बॅटिंगला गेला की मला बरं वाटत होतं. आता मिठूचा नंबर, असं वाटत होतं.

भावजी आले होते. मिठूचे नवरे. नेहमीसारखे पायऱ्यांवर सगळ्यात वर, थर्मास घेऊन. मधेच उठून पाणी भरायला गेले.

सोमवार, ७ एप्रिल

ही डायरी लिहायचं कारण एवढंच की बोलायला माणूस नाही. सामना झाला की मी आणि मिठू माझ्या गाडीत बसायचो, काचा वर करून, आणि सगळ्यांची सालटी काढायचो. कोणी सोपा झेल सोडला, कोणाचं पोट सुटलं, पंचांना नवीन चष्म्याची किती गरज आहे. मी दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो आणि तो मी सढळ पायाने वापरते, म्हणून मिठू मला ब्रेक म्हणायची. तिला मिठू आम्ही म्हणायचो, कारण पोपट परवडला असता.

ती कॅचर, मी पिचर. मी हात खालून फिरवून बॉल टाकणार, आणि बॅटवाल्याच्या मागे उकिडवी बसून ती झेलणार. झेलता झेलता बोलणार. माझ्या हातातून बॉल सुटायच्या नेमक्या क्षणी ती बॅटवाल्याला काळजीने विचारायची, "गॅस बंद करून आलात ना?" मोठमोठे पैलवान हवेत बॅट फिरवून परत गेलेत. तक्रारी झाल्या. पंचांनी तिला ताकीद दिली, तर तिने पंचांनाच विचारलं, "तुम्ही आलात ना बंद करून?"

शेवटच्या मोसमात तिला नखरे सुचले होते. उठताना जमिनीला हात टेकून "आई गं" करायची. मी म्हणायचे, नाटकं बंद कर, बॉल दे.

शनिवार, १२ एप्रिल

आज कागद बघून लिहिला. नीट, पेन दाबून. पाचवी मिठू.

नळवाला म्हणाला, "परत चुकलीस."

"चुकले नाही."

नळवाला हा खरोखरच घरोघरी नळ दुरुस्त करतो, आणि जिथे गळतंय तिथे त्याला हात घातल्याशिवाय राहवत नाही. "म्हणजे तू मुद्दाम लिहिलंयस? अगं, दर फेरीला एक आउट फुकट जाणार."

"जाऊ दे. संघ कोणी काढला? तिने आणि मी. कागद कोण लिहितं? मी. ज्याला पटत नसेल त्याने घरी जाऊन टीव्ही बघावा."

कोणी गेलं नाही. बँकवाली परत कोरे बूट घालून आली होती. "सॉरी, मी बसते," म्हणाली. तिने कशाबद्दल सॉरी म्हणायचं? या बाईचं हेच मला आवडत नाही. आली, बसली, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. बाकावर बसून माणूस हळूहळू संघात घुसतो, ते मला कळतं.

पंचांचं आज काहीतरी बिनसलं होतं. पाचवा नंबर आला तर छातीवर हनुवटी टेकवून काहीतरी पुटपुटले. मी तिथूनच ओरडले, "ऐकू नाही आलं! मोठ्याने म्हणा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, कळलंय सगळ्यांना."

"तिचा नंबर आहे. खणखणीत आवाजात म्हणा. बाकीच्यांचा म्हणता तसा."

मग म्हणाले. अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. हरलो, पण ताठ मानेने.

भावजी दोन-तीनदा पाणी भरायला गेले. ऊन फार होतं. नळ पार त्या टोकाला आहे, बिचाऱ्यांना चालावं लागतं.

रविवार, १३ एप्रिल

आईने जेवताना चौकशी केली. तिला सॉफ्टबॉलमधलं काही कळत नाही. माझी मुलगी बाहेर उन्हात काठी घेऊन फिरते, एवढंच तिला कळतं. मी तिला सगळं सांगितलं. आम्ही मिठूची जागा कशी राखलीय, कुणालाही कशी घेऊ देत नाही.

"मग ते आउट म्हणतात, ते नंबर घेऊन म्हणतात का?"

"हो. नियमच आहे तसा."

"मोठ्याने?"

"मीच सांगितलंय मोठ्याने म्हणायला."

"आणि तिचा नवरा येतो म्हणालीस."

"एकही सामना चुकवत नाही. त्यांना किती अभिमान असेल बघ."

आई बराच वेळ घास चावत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि रेडिओ मोठा केला. वय झालं की माणसाचं लक्ष लागत नाही.

शनिवार, २६ एप्रिल

जिंकलो! मिठूला धरून जिंकलो! समोरच्यांचे तीन जण आलेच नव्हते, ती गोष्ट वेगळी. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, आउट देऊनसुद्धा जिंकता येतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मास्तर आपला अंगठा बर्फात बुडवून बसला होता.

गुरुवार, ८ मे

आज एका शिकाऊ बाईच्या वेळी मी ब्रेक मारला. समोर सिग्नल होता. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी थांबणारच होते."

"मग पाय कुठे होता तुमचा?"

"ब्रेकवर. तुमचा खाली होता म्हणून माझा आधीच दबला."

लोक उलट उत्तरं द्यायला शिकलेत.

शनिवार, १० मे

पुन्हा हार. सामना संपल्यावर मास्तरने सगळ्यांना थांबवलं. मैदानाच्या समितीने कळवलंय की यंदा जो संघ शेवटचा येईल त्याची शनिवारची वेळ जाणार. बाहेर नवे संघ रांग लावून उभे आहेत. आम्ही तळाला आहोत. दोन सामने राहिलेत.

"वेळ गेली की संघ गेला," मास्तर म्हणाला. "दुसरं मैदान शहराच्या पार पलीकडे आहे. तिथे कोण येणार?"

"ज्याला मिठूची आठवण आहे तो येईल," मी म्हणाले.

नळवाल्याने हातातलं हेल्मेट बाकावर आपटलं. "आठवण तुझ्या एकटीलाच आहे का? माझ्या लग्नाची बोलणी कोणी केली होती? तिने! मैदानातल्या मैदानात, मी बॅटिंग करत असताना! ती असती ना, तर तुझ्या कानाखाली वाजवली असती. संघ बुडवायला निघालीयस तू तिच्या नावाने."

"तिची जागा मी कुणाला देणार नाही."

"मग मैदानही ठेव तूच. बस जाऊन पाचव्या नंबरपाशी एकटी."

मी गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या. शेजारची सीट रिकामी. तिला सांगावं असं डोक्यात खूप होतं, पण रिकाम्या सीटला सांगण्याइतकी अजून मी वेडी झालेली नाही. डिकीत तिचा कॅचरचा ग्लोव्ह आहे, फेब्रुवारीपासून. तो मी भावजींकडून मागून घेतला होता. मास्तर साध्या ग्लोव्हने झेलतोय आणि अंगठा सुजवून घेतोय हे मला दिसतं. मी आंधळी नाही. पण त्या ग्लोव्हमध्ये तिच्या बोटांचे खड्डे आहेत, ते मी दुसऱ्याच्या हाताने बुजवू देणार नाही. मला कोणी निर्दय म्हणालं तरी चालेल.

शनिवार, १७ मे

हरलो. बँकवाली आज पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलायला आली. "मी कॅचरचा सराव करते घरी, भिंतीवर बॉल मारून. तुमच्याकडे तो ग्लोव्ह आहे असं ऐकलं. सरांचा अंगठा बघवत नाही म्हणून विचारलं."

"नाही," मी म्हणाले.

"सॉरी," ती म्हणाली. पण गेली नाही, उभी राहिली. "मला तुमचा राग येत नाही. मी येत राहीन." मग बाटल्या भरायला गेली.

भावजी आज आलेच नाहीत. वरची पायरी रिकामी. पहिल्यांदा काळजी वाटली, मग संताप आला. आम्ही इथे तिच्यासाठी जिवाचं रान करतोय, लोकांची बोलणी खातोय, आणि तिचा स्वतःचा नवरा घरी बसतो? सोमवारी दुकानात जाऊन विचारणार आहे.

सोमवार, १९ मे

गेले होते. लिहायला बसायची हिंमत होत नव्हती, पण लिहिते.

भावजींचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान. दोघं मिळून चालवायचे. ते शिवायचे, ती बोलायची. भिंतीवर सुटकेसा टांगलेल्या, डब्यांमध्ये चेनीचे हुक, आणि आमच्या सगळ्या संघाचे उसवलेले ग्लोव्ह आजवर त्याच मशीनवर शिवले गेलेत. दुकानात इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. भावजी एका बॅगेचा बंद शिवत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"शनिवारी आला नाहीत?"

"काम होतं."

"खोटं. शनिवारी दुपारी तुमचं दुकान बंद असतं."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. हा माणूस महिन्यात जेवढं बोलतो तेवढं मिठू एका इनिंगमध्ये बोलायची. मग म्हणाले, "ताई, एक सांगू? राग मानू नका."

"सांगा."

"ते तिला आउट देतात ना, ते मला ऐकवत नाही."

मी म्हणाले, अहो, नियम आहे तो, गैरहजर असलं की...

"नियम माहीत आहे मला. इतकी वर्षं त्या पायरीवर बसलोय. ती कधी बॅट हातात न घेता आउट झालेली नाही. झाली तरी पंचांशी भांडून परत यायची, मग आम्ही घरी जेवताना ते भांडण परत व्हायचं. आता दर शनिवारी ती नुसतीच आउट. दोनदा, तीनदा. दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन बोलले, ते मी एकदाच ऐकलं. हे परत परत ऐकायचं म्हणजे..."

त्यांनी सुई उशीत खोचली.

"मग तुम्ही पाणी भरायला जायचात..."

"नळ लांब आहे. तिथवर आवाज यायचा नाही. तुम्ही पंचांना मोठ्याने म्हणायला लावलंत, तेव्हापासून तिथेही येतो."

मी स्टूल मागे सरकवलं. ते घाईघाईने म्हणाले, "तुमचं मन कळतं मला. म्हणूनच बोललो नाही." हे ऐकून जास्तच वाईट वाटलं. मी म्हणाले, "तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली की ती खरंच गेली, असं होईल ना हो."

"ती गेलीय, ताई."

इतकं साधं वाक्य. मला कोणी सांगितलंच नव्हतं असं वाटलं. मी रडले. सुटकेसांसमोर, हमसून हमसून. भावजींनी मला बॅग पुसायचं फडकं दिलं, त्याला पॉलिशचा वास होता.

मग ते म्हणाले, "आणि त्या बँकेतल्या पोरीला खेळू द्या. मिठूनेच पकडली होती तिला."

"कधी?"

"जानेवारीत. पर्सची चेन बदलायला आलेली. मिठूने तिला अर्धा तास सोडली नाही. उकिडवी बसून दाखव म्हणाली, इथे, या फरशीवर. बसली पोरगी. मिठू म्हणाली, हिचे गुडघे बघा, नवेकोरे आहेत."

"कशासाठी?"

"तिला कॅचर करायची होती. मिठूचे गुडघे गेले होते, ताई. डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हणून सांगितलं होतं. बॅटिंग सोडणार नव्हती ती, पाच नंबर माझाच म्हणायची. पण कॅचर ही पोरगी. आपण मागे गवतात उभी राहून बडबड करणार होती."

"मला नाही बोलली."

"रोज ठरवायची, आज सांगते. मग म्हणायची, नको, ब्रेक लागेल." भावजी थोडेसे हसले. "घाबरायची ती तुम्हाला."

"मिठू? मला?"

"जगात तुम्हाला एकटीलाच."

मंगळवार, २० मे

मी तिच्यावर रागावले आहे. सांगायला काय झालं होतं? मी काय तिला खाल्लं असतं? आरडाओरडा केला असता, आठवडाभर बोलले नसते, तिला फितूर म्हणाले असते, गाडीत बसू दिलं नसतं...

हं.

"नाटकं बंद कर, बॉल दे." हे मी तिला म्हणत होते. आणि ती देत होती.

गुरुवार, २२ मे

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला?" आई म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.

म्हणजे मला घाबरणारी दुसरीही निघाली. सगळं गाव मला घाबरून गप्प बसलंय आणि मला वाटतंय की सगळे माझ्या बाजूने आहेत. ठीक आहे. घाबरट कुठले. पण मी काही आता गोगलगाय होणार नाही. शनिवारी शेवटचा सामना. हरलो तर मैदान जाणार. बरोबरी झाली तरी वाचतो, मास्तरने गणित मांडून सांगितलंय. मी हरायला जाणार नाही. आणि पाचवा नंबर कोणाला द्यायचा हे माझं ठरलंय.

संध्याकाळी ग्लोव्ह डिकीतून काढला आणि भावजींकडे नेऊन दिला. म्हणाले, दोन टाके घालावे लागतील, अंगठ्यापाशी उसवलंय. मी म्हणाले, घाला, आणि तुम्हीच आपल्या हाताने द्या तिला.

शनिवार, २४ मे

आई झोपायला सांगतेय पण आज सगळं लिहिल्याशिवाय उठणार नाही.

कागद बॉनेटवर ठेवला. पहिला मास्तर, दुसरा नळवाला. पाचव्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं आणि पंचांना द्यायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवलं. दहावी बँकवाली. पाचवी मी.

नळवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. पाचवा नंबर म्हणजे मारणाऱ्याचा नंबर, आणि माझी बॅट म्हणजे नुसती पंखा घालायला. म्हणून तर मी इतकी वर्षं शेवटी जाते.

"तू? पाचवी? अगं, सामना जिंकायचाय ना आपल्याला?"

"दर फेरीला एक आउट फुकट जातोय म्हणत होतास ना? आता तो मी माझ्या कष्टाने मिळवीन."

तो हसला. मोसमात पहिल्यांदा. मग म्हणाला, "हेल्मेट घे माझं, तुझं डोक्यावर डुगडुगतं."

भावजी आले होते. पायऱ्या चढायच्या आधी त्यांनी बँकवालीला ग्लोव्ह दिला. तिने हात घातला, बोटं हलवून बघितली आणि म्हणाली, "मोठा होतोय थोडा." भावजी म्हणाले, "होईल बसता बसता."

मी पिचिंगला उभी राहिले. समोर दुसरीच कुणी बसलेली बघून पहिले चार बॉल माझे कुठल्या कुठे गेले. बँकवालीने सगळे उड्या मारून अडवले. गुडघे खरंच नवेकोरे आहेत. मग त्यांचा सगळ्यात दांडगा गडी बॅट घेऊन आला. मी हात फिरवला, बॉल सुटणार, तेवढ्यात मागून तिचा नम्र आवाज आला, "सॉरी, तुमची सही जुळत नाहीये."

त्याने मान वळवली. बॉल ग्लोव्हमध्ये. पंचांनी तिच्याकडे बघितलं, मग मान फिरवून लांब झाडांकडे बघत राहिले. मला इतकं हसू आलं की पुढचा बॉल टाकायला मला दोनदा थांबावं लागलं. हे तिला मिठूनेच शिकवलेलं, दुसरं कोण शिकवणार? अर्धा तास म्हणजे मिठूला पुष्कळ झाला.

पाचवा नंबर पहिल्यांदा आला. पंचांनी सवयीने हात अर्धा वर केला होता. मी बॅट घेऊन समोर गेले आणि म्हणाले, "हजर." हात खाली आला. तीनही बॉल हुकले, बॅट नुसती हवेत फिरली, आणि मी आउट झाले. परत येताना वर बघितलं. भावजी जागेवर होते. थर्मासचं झाकण हातात धरून, पण जागेवर. दुसऱ्यांदाही आउट. भावजी जागेवर.

शेवटच्या इनिंगला दोन्ही बाजूंचे रन सारखे होते. आमचे दोन आउट झाले होते, तिसऱ्याला इनिंग संपते, मास्तर तिसऱ्या बेसवर, आणि पाळी कोणाची? पाचव्या नंबरची. मी बॉलच्या आधी पहिल्या बेसवर पोचले तर मास्तर पळत शेवटच्या बेसवर येतो, रन होतो आणि आम्ही जिंकतो. आउट झाले तर बरोबरी, कारण उजेड जात चालला होता आणि जादा इनिंग होणार नव्हती. म्हणजे मैदान तसंही वाचलंच होतं. शहाण्या माणसाने बॅट खांद्यावर ठेवून उभं राहावं. पण मिठूच्या जागेवर उभं राहून शहाणपणा करायला मी काय मास्तर आहे?

मारला. लागला! जोरात नाही, जमिनीवरून घरंगळत गेला, पण लागला. मी पळाले. या वयात, या पोटाने, नळवाल्याच्या हेल्मेटमध्ये. त्यांच्या माणसाने बॉल उचलला, फेकला, आणि माझा पाय बेसवर पडला तेव्हाच त्यांच्या ग्लोव्हमध्ये बॉल आल्याचा आवाज आला.

"आउट!" पंच ओरडले. खणखणीत. मीच लावलेली सवय.

मी भांडायला तोंड उघडलं. त्याच्या आधी मागून आवाज आला. असला आवाज मी त्या मैदानात कधी ऐकला नव्हता, म्हणून क्षणभर कुणाचा ते कळलंच नाही.

"आउट नाही! आउट नाही ती!"

भावजी. वरच्या पायरीवर उभे. थर्मास गडगडत खाली येत होता आणि ते दोन्ही हात वर करून ओरडत होते. मानेच्या शिरा ताठ झालेल्या.

पंच म्हणाले, "साहेब, निर्णय झालाय. खाली बसा."

"नाही बसणार! आउट नाही ती! मी बघितलंय! आउट नाही!"

इथे कुणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवते. मी आउट होते. चांगली वीतभर आउट होते. पण भावजी उभे असताना मी मान्य करणार होते काय? मी हेल्मेट काढलं आणि पंचांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. मास्तर तिसऱ्या बेसवरून आला, नळवाला आला, बँकवाली मिठूचा ग्लोव्ह काखेत मारून आली आणि या खेपेला सॉरी म्हणाली नाही. समोरचे खेळाडू हात मिळवायला आले होते, ते तसेच थांबले. पंचांनी निर्णय बदलला नाही. बरोबरी ती बरोबरी. पण त्यांनी आम्हाला गप्पही केलं नाही. टोपी काढून हातात घेतली आणि अंधार पडेपर्यंत सगळं ऐकून घेतलं. वर भावजी अजून ओरडत होते, आणि आम्ही कोणी त्यांना थांबवलं नाही.